नवा कॅमेरा व जुना संयम

अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांत एका नव्या छंदाचा प्रसार मोठ्या वेगानें होत आहे. वाढदिवसास किंवा परीक्षेंतील यशाबद्दल वडील माणसें मुलांस डिजिटल कॅमेरा घेऊन देतात, आणि पुढच्या सुटींत तीं मुलें पांखरांच्या, फुलपांखरांच्या व साधल्यास वाघाच्याही मागें लागतात. हा छंद आम्हांस मनापासून प्रिय आहे. जो छंद मुलांस पहाटे उठवितो, उन्हातान्हांतून चालवितो आणि घटका घटका स्वस्थ बसावयास शिकवितो, त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु हें यंत्र हातीं आल्यावर पहिला धडा कोणता शिकावा, याविषयीं आमचें मत रूढ मताहून कांहींसें वेगळें आहे. तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

पूर्वीं या कलेंत संयम शिकविण्याचें काम यंत्राच्या उणिवाच करीत असत. संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत हिमालयाच्या पायथ्याच्या अरण्यांत वाघाचीं रात्रीचीं छायाचित्रें घेतलीं. वाघाच्या वाटेवर कॅमेरा मांडून आडवी तार बांधावयाची, आणि वाघाचा पाय तारेस लागला म्हणजे लख्ख उजेड पडून चित्र उमटावयाचें, अशी त्यांची रीत होती. वाघ कोणत्या वाटेनें व केव्हां जातो हें ठाऊक असल्यावांचून त्या रीतीचा कांहीं उपयोग नव्हता. ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’ हें त्यांचें पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें हातांत धरावयाच्या लहान कॅमेऱ्यांत फिल्मची गुंडाळी रूढ झाली. तींत छत्तीस चित्रें मावत. प्रत्येक चित्रास पैसे पडत आणि तें कसें आलें हें कळावयास कित्येक दिवस लागत. म्हणून कळ दाबण्यापूर्वीं मनुष्य विचार करी.

१९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याच्या चित्रांत अवघे दहा हजार बिंदू असत आणि एक चित्र फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आजचा साधा कॅमेरा एका सेकंदांत दहा दहा चित्रें घेतो. ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ म्हणून या सोयीची हेटाळणी करणाऱ्या वडील मंडळींशीं आम्ही सहमत नाहीं. आपली चूक मुलास तत्काळ दिसते; शटर किती वेळ उघडें होतें, भिंगाचें छिद्र केवढें होतें, हेंही चित्राबरोबर नोंदलें जातें; आणि शंभर चित्रें बिघडलीं तरी फिल्मचा खर्च नाहीं. शिकणाऱ्यास याहून चांगला शिक्षक क्वचितच मिळेल.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. चित्राची किंमत नाहींशी झालेली नाहीं. ती देणारा तेवढा बदलला आहे. पूर्वीं ती छायाचित्रकार आपल्या खिशांतून देई. आतां, त्यानें स्वतःस आवरलें नाहीं तर, ती समोरच्या पांखरास द्यावी लागते. टिटवीचेंच उदाहरण घेऊं. ती झाडावर घरटें बांधीत नाहीं. उघड्या माळावर खड्यांमध्यें बहुधा चार अंडीं घालते, आणि त्यांचा रंग खड्यांत असा मिसळून जातो कीं पायाखालीं येईपर्यंत तीं दिसत नाहींत. चैत्र-वैशाखांत ती अंड्यांवर बसते ती केवळ ऊब देण्यासाठीं नव्हे, तर सांवली करण्यासाठींही. पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येऊन ती अंडीं गार ठेवते. आपण कॅमेरा घेऊन जवळ गेलों कीं ती ओरडत उठते व डोक्यावर घिरट्या घालूं लागते. मुलास वाटतें, केवढें सुंदर चित्र मिळत आहे! वस्तुतः तें तिच्या भीतीचें चित्र असतें, आणि आपण तेथें जितका वेळ रेंगाळतों तितका वेळ अंडीं उन्हांत भाजत असतात. शिवाय आपण कोठें घुटमळतों हें कावळाही वरून पाहत असतोच.

इतर ठिकाणींही हाच प्रकार. घरटें स्पष्ट दिसावें म्हणून आड येणारी फांदी मोडली, तर पिलांची सांवली व आडोसा दोन्ही जातात. हिंवाळ्यांत उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. उडत्या थव्याचें चित्र मिळावें म्हणून नाव थेट त्यांच्यामध्यें घालण्याचा मोह अनेकांस होतो. पण उथळ पाण्यांत चरून जी शक्ति पक्ष्यानें सांठविली, ती अशा व्यर्थ उड्डाणांत खर्ची पडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तींत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस किंवा घरट्यांस उपद्रव देणें याचाही समावेश केला आहे. ही व्याख्या आम्हांस फार मार्मिक वाटते. हातांत बंदूक नसली म्हणून मनुष्य शिकारी होत नाहीं असें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘चित्रें पाहूनच लोकांस वन्य प्राण्यांविषयीं प्रेम वाटूं लागतें, तेव्हां थोडा उपद्रव झाला तर काय बिघडलें?’ चित्रांचा हा उपयोग आम्हांस मान्य आहे. तारीख व स्थळ यांसह जपलेलें एक साधें चित्रही अभ्यासकास पुराव्यासारखें उपयोगी पडतें. पण पुराव्याचें सारें मोल त्याच्या खरेपणांत असतें. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाशीं संबंधित असलेल्या प्रसिद्ध छायाचित्रण स्पर्धेंत २००९ सालीं फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्रास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. तो लांडगा बहुधा शिकवून तयार केलेला असावा, असें परीक्षकांचें मत झाल्यावरून २०१० सालीं तें काढून घेण्यांत आलें. २०१८ सालीं त्याच स्पर्धेंतील मुंगीखाऊचें एक विजयी चित्र, त्यांतील प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघून, रद्द झालें. दोन्ही छायाचित्रकारांनीं आरोप नाकारले. परंतु चित्रांवरील विश्वास गेला तो गेलाच. घाबरवून उडविलेल्या पक्ष्याचें चित्र ‘स्वच्छंद विहार’ म्हणून दाखविणें हें त्याच जातीचें, मात्र लहान, असत्य होय.

मग आरंभ कोठें करावा? आमचें उत्तर असें कीं शाळेच्या आवारांत. ताडोब्याचा वाघ पुढें भेटेलच. त्याच्यासाठीं अडून बसूं नये. एखादा वेडा राघू निवडावा. पहिला आठवडाभर कॅमेरा पिशवींतच ठेवून वहींत नोंद करावी. हा पक्षी हवेंत किडा पकडून पुष्कळदां त्याच काटकीवर परत येतो, हें लवकरच ध्यानांत येईल. तें एकदां कळलें कीं त्याच्या मागें धांवण्याचें कारण उरत नाहीं. सकाळचें ऊन पाठीशीं घेऊन दूर बसावें आणि काटकीवर नजर ठेवावी, म्हणजे पक्षी आपण होऊन चित्रांत येतो. बसलेल्या पक्ष्यास सेकंदाचा पांचशेवा भाग पुरतो. उडत्यास हजारावा किंवा त्याहून कमी लागतो. नेम डोळ्यावर धरावा, आणि पक्षी जमिनीवर असेल तर आपणही जमिनीवर आडवें व्हावें. काळ्या चिखलांतील पांढरा बगळा टिपतांना यंत्र चिखलास भुलून प्रकाश अधिक घेतें व पिसांचा नुसता पांढरा डाग होतो; तेथें प्रकाश हातानें कमी करावा. या गोष्टी महिनाभरांत येतात. पण पांखरूं आपलें काम सोडून मान उंचावून आपणांकडे पाहूं लागलें, कीं आपण एक पाऊल अधिक पुढें आलों असें समजून मागें सरावें, हें शिकावयास अधिक काळ लागतो; आणि आमच्या मतें पहिला धडा तोच आहे. घरट्याची किंवा दुर्मिळ प्राण्याची जागाही चारचौघांत सांगूं नये. जिला माणसांची गर्दी लागली ती जागा प्राणी सोडून जातो.

मुंबईंत जन्मलेल्या सालिम अलींनीं (१८९६–१९८७) लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ही चिमणी कोणती हें विचारावयास ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, आणि त्या एका प्रश्नांतून त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा उगम झाला. त्या मुलास प्रश्न पडण्यासाठीं चिमणी मरावी लागली. आमच्या मुलांस तोच प्रश्न तिचें एक पीसही न दुखवितां विचारतां येतो. नव्या यंत्राचा खरा लाभ हाच आहे, आणि तो उतावळेपणानें दवडूं नये.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. मूल माळावरून परत आलें म्हणजे ‘आज किती चित्रें मिळालीं?’ असें प्रथम विचारूं नये. ‘आज काय पाहिलेंस?’ असें विचारावें. आणि एखाद्या दिवशीं तें रिकामा कॅमेरा घेऊन आलें व ‘टिटवी अंड्यांवर बसली होती, म्हणून मी जवळ गेलों नाहीं’ असें म्हणालें, तर त्या दिवशींचें त्याचें शिक्षण वायां गेलें असें मुळींच समजूं नये.