शेगडी आणि क्रिकेट

2025 च्या उन्हाळ्यात जामसरला एका ओटीवर पाच पोरे एकाच मोबाइलवर आयपीएलचा सामना पाहताना दिसली. माझा जन्म बँकेत गेलेला. मी आधी भाव विचारला. 2023 साली हेच सामने जिओसिनेमावर फुकट होते. दोनच वर्षांत जिओहॉटस्टारचे तीन महिन्यांचे 149 रुपये, नाहीतर किमान 299 चे रिचार्ज! हवे क्रिकेट, पण मालिका-चित्रपटही गळ्यात. पूर्वी गॅसच्या जोडणीबरोबर शेगडी अशीच माथी मारत. तेव्हा आपण कुरकुरत तरी होतो. भारताचे महत्त्वाचे सामने 2007 च्या कायद्यामुळे दूरदर्शनवर दिसतात. आयपीएलला ते बंधन नाही. मग निदान एकेका सामन्याचे सुटे तिकीट तरी द्या. रोजंदारीच्या घरात पैसा सुटाच येतो.