दात पाहिले, वजन कोण पाहणार?

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात माझे वडील कालवडीचा जबडा उघडून आधी दात पाहत. अदात, दोनदाती, चारदाती, जुळलेली. जनावराचा जन्मदाखला तो एवढाच. पहिले दोन पक्के दात दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येतात, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक होते.

तरीही आमच्याच गोठ्यात चूक झाली. संकरित कालवड सव्वा वर्षाची असताना माजावर आली आणि दुधाच्या घाईने आम्ही ती भरवली. वासरू मोठे, तिची कंबर अरुंद. वासरू गेले, तीही पुढे कधी धड सावरली नाही.

तेव्हापासून माझे मत पक्के आहे. माजावर येणे म्हणजे आई होण्याजोगे होणे नव्हे. संकरित कालवड अडीचशे किलोच्या घरात गेल्यावरच भरवावी. आपल्या खिलार-डांगी गाई मुळातच उशिरा वयात येतात. त्यांना त्यासाठी हिणवू नये. औताच्या ओढीला आणि अकोल्याच्या डोंगरातल्या पावसाला टिकणारे हाड सावकाशच भरते.

याच घोडेगावात कांद्याची गोणी काट्यावर चढल्याशिवाय पट्टी होत नाही. मग कालवडीच्या छातीभोवती साधी मोजपट्टी फिरवून वजनाचा अंदाज घ्यायचा आळस आपण का करावा?