सत्तर हजारांचा देश

पॅरिस ऑलिम्पिक चालू होते तेव्हा आठवीच्या वर्गात आम्ही रोज सकाळी फळ्याच्या एका कोपऱ्यात पदकतक्ता लिहीत असू. भारताचे नाव शोधायला मुलांना बरेच खाली उतरावे लागे आणि त्यावरून थोडी हसाहसीही होई. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस भारताच्या वर 'डॉमिनिका' असे नाव आले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "टीचर, हा देश आहे की कुणाचं नाव?"

आम्हाला धड सांगता आले नाही. शिक्षकाला हे कबूल करणे जरा जड जाते. मग ॲटलास काढला आणि मुलांबरोबर आम्हीही शोधले. कॅरिबियन समुद्रातले ते एक छोटे बेट आहे. लोकसंख्या सुमारे ७० हजार. तिथल्या थिआ लाफाँ हिने तिहेरी उडीत १५.०२ मीटरची उडी मारून सुवर्णपदक घेतले होते आणि ते तिच्या देशाचे आजवरचे पहिलेच ऑलिम्पिक पदक होते. त्याच दिवशी जवळच्या सेंट लुशिया बेटाची ज्युलियन आल्फ्रेड १०० मीटरची शर्यत जिंकली. तिच्याही देशाचे ते पहिलेच पदक.

मुलांनी लगेच गणित मांडले. २०११ च्या जनगणनेत आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड मिळून या जिल्ह्यात १३० डॉमिनिका सहज बसतात. मग आम्ही सॅन मारिनोचे सांगितले. इटलीच्या पोटातला, जेमतेम ३४ हजार वस्तीचा देश, आणि टोकियोहून तीन पदके घेऊन गेला. नेमबाजीत दोन, कुस्तीत एक. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "एवढी माणसं तर घाटकोपरला मेट्रोतून उतरतात."

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण घरी येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. आपण या छोट्या देशांकडे कौतुकाने पाहतो. आपला महाराष्ट्र हाच एक देश धरला तर त्याचा ऑलिम्पिकचा इतिहास किती पानांचा होईल?

तो सुरू मात्र फार लवकर होतो. पहिल्या महायुद्धानंतरची गोष्ट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा तिथल्या क्रीडास्पर्धा पाहत होते. धावणारे बहुतेक शेतकरी होते आणि अनवाणी पळत होते. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात आहेत हे दोराबजींच्या ध्यानात आले. त्यांनी पुढाकार घेतला, पदरचा पैसा घातला आणि १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारताचा छोटासा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. मॅरेथॉनलाच सदाशिव दातार होते, कुस्तीला रणधीर शिंदे आणि कुमार नवले. शिंदे कांस्यपदकाच्या उंबरठ्यावरून परत आले.

त्यानंतर पदकासाठी ३२ वर्षे गेली. खाशाबा जाधवांचे नाव आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातून माहीत असते, पण त्यांच्या पदकामागचा हिशेब पुस्तकात येत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडनला सहावा आला. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२ साली हेलसिंकीला जायचे म्हणजे पुन्हा पैसे उभे करायचे. गावोगाव वर्गणी झाली, तरी कमी पडले. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. आम्ही शिक्षकी पेशातले म्हणून असेल, पण हे वाक्य लिहिताना हात थोडा थांबतो. प्राचार्याने घर गहाण टाकले, आणि तेही स्वतःच्या मुलासाठी नव्हे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती हरले आणि श्वास घ्यायला पुरती फुरसत न मिळता सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवसमोर त्यांना उभे राहावे लागले. मधे विश्रांतीचा नियम होता, पण तो बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. इशीला सुवर्ण, रशीदला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी पहिले काम काय केले, तर कुस्त्यांची मैदाने भरवून खर्डेकरांचे पैसे फेडले. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि तोही सोळा वर्षांनी.

मधल्या काळात मुंबईचे हॉकीपटू सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघांत होतेच. १९४८ चे लिओ पिंटो आणि वॉल्टर डिसूझा, १९८० चे मर्विन फर्नांडिस. त्यांचे श्रेय कमी करायचे नाही. दिव्यांगांच्या स्पर्धेत तर सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ सालीच हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकून आले होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा जवान, आणि त्याला पद्मश्री मिळाली २०१८ साली. पण ऑलिम्पिकमधले महाराष्ट्राचे दुसरे वैयक्तिक पदक यायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ५० मीटर रायफल, कांस्य. पहिल्या आणि दुसऱ्या पदकात ७२ वर्षांचे अंतर. स्वप्नील मध्य रेल्वेत टीसी होता. आपण मुलुंड-घाटकोपरची माणसे ज्यांना पाहून खिशातला पास चाचपतो, त्यांच्यातलाच एक. त्याचे वडील शिक्षक, भाऊही शिक्षक. मुलगा शाळकरी वयाचा असतानाच वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातले होते.

महाराष्ट्रात गुणी खेळाडू नाहीत असे म्हणावे, तर २०२३ साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आपण २२८ पदकांसह पहिले आलो. त्यात सुवर्णपदकेच ८० होती. म्हणजे राज्याच्या मैदानापर्यंत मुले पोचतात. त्यापुढची वाट एखाद्या खर्डेकरांनी किंवा एखाद्या बापाने एकट्याने ओढायची, असा आपला रिवाज पडला आहे.

कोसोव्होचे उदाहरण इथे आठवते. वीस लाखांच्या आतली वस्ती, बहुसंख्य मुसलमान, लढाईतून नुकता सावरलेला मुलूख. त्यांना ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळाली डिसेंबर २०१४ मध्ये. त्याआधी मायलिंडा केलमेंडीला लंडनमध्ये अल्बेनियाच्या झेंड्याखाली खेळावे लागले होते. २०१६ साली रिओत तिने स्वतःच्या देशाच्या नावाने ज्युदोत सुवर्ण घेतले आणि टोकियोत आणखी दोन मुलींनी ज्युदोतच दोन सुवर्णे आणली. या तिघींचा उस्ताद एकच, पेया गावचा ड्रिटॉन कुका. युगोस्लाव्हियाच्या फुटीत त्याची स्वतःची १९९२ च्या बार्सिलोनाची संधी हुकली होती. त्याने गावातल्या पोरीपोरांना ज्युदो शिकवायला घेतले. तीन सुवर्णांमागे एक गाव, एक शिक्षक आणि मुलींना तालमीत सोडणारी घरे.

मुलींना सोडणारी घरे, हे लिहिले आणि आमच्या त्या मागच्या बाकावरच्या मुलीवर आलो.

डॉमिनिका विचारणारी ती हीच. शाळेत ४०० मीटर धावण्यात तिच्या जवळपास कुणी नाही. शाळेला मैदान म्हणावे असे काही नाही. फरशी घातलेले अंगण आहे, त्यात प्रार्थना होते आणि तिथेच दुचाक्या उभ्या राहतात. ती सकाळी फजरनंतर भावाला सोबत घेऊन गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत पळते, दुधाच्या गाड्या यायच्या आत. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा कांदिवलीला होती. तिचे नाव आम्ही दिले होते. शनिवारी तिची अम्मी शाळेत आली आणि दारातच म्हणाली, "टीचर, तिचं नाव काढून टाका."

कारणे तिने एकेक सांगितली आणि त्यातले एकही खोटे नव्हते. कांदिवली लांब. परतायला मगरिब होणार. फुफी म्हणते, मुलगी आता मोठी झाली. अब्बा म्हणतात, धावून काय होणार, पुढे दहावी आहे.

आम्ही तिला बसवले आणि चहा मागवला. मग खर्डेकर नाही, कुका नाही, एका शर्यतीची गोष्ट सांगितली. १९८४, लॉस एंजलिस, बायकांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. आमच्या वयाच्या सगळ्यांना ही शर्यत पाठ आहे, कारण पी. टी. उषाचे कांस्य त्यात सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. अम्मीलाही माहीत होते. तिच्या अब्बांनी रेडिओवरची बातमी घरी सांगितली होती. आम्ही विचारले, "उषा चौथी आली. पहिली कोण आली?"

ते तिला माहीत नव्हते. खरे तर आम्हालाही बरीच वर्षे माहीत नव्हते. पहिली आली ती मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल, कासाब्लांकाची मुलगी, वय बावीस. मोरोक्कोचे ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण, आणि ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली मुस्लिम अरब स्त्री. राजे हसन यांनी फर्मावले की त्या दिवशी जन्मलेल्या मुलींची नावे नवाल ठेवावीत, असे सांगतात. तिचे वडील तिच्या पाठीशी उभे होते. ते सुवर्ण पाहायला मात्र ते हयात नव्हते. पुढे १९९३ साली नवालने कासाब्लांकात फक्त बायकांसाठी दहा किलोमीटरची धाव सुरू केली, आणि तिथे आया, मुली, आज्या हजारोंनी रस्त्यावर उतरू लागल्या.

अम्मी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ती परदेशची. आमची गोष्ट वेगळी."

तिचे म्हणणे बरोबर होते. गोष्टीने मगरिबची वेळ पुढे सरकत नाही. म्हणून आम्ही गोष्ट सोडली आणि एकेका कारणाकडे वळलो. आम्ही स्वतः बरोबर जाणार, परत घराच्या दारात सोडणार. शाळेच्या आणखी तीन मुली आहेत. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि स्कार्फ, आमच्या मुली अशाच धावतात. तिच्या अब्बांसाठी हेही सांगितले की ठराविक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. फुफीसाठी आमच्याकडे उत्तर नव्हते. ते त्यांनी घरीच शोधावे, असे म्हणालो.

आणि एक गोष्ट आम्ही तिला सांगितली जी सांगायची ठरवलेली नव्हती. गेल्या सत्रात मराठीचा पाठ्यक्रम मागे पडला, तेव्हा आठवीचे खेळाचे तास आम्ही व्याकरणासाठी घेतले. एकदोन नव्हे, पुरते नऊ. हेडमास्तरांनी काही म्हटले नाही, पालकांनी तर आभारच मानले. मुलींनी पुस्तके काढली आणि समास सोडवले. त्या नऊ तासांत ती मुलगी किती धावली असती, याचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. अम्मी हसली. म्हणाली, "टीचर, तुम्ही पण?"

आता वेळापत्रकात खेळाचा तास लाल पेनाने लिहिला आहे आणि तो कुणी मागितला तर द्यायचा नाही, असे आम्ही इतर शिक्षकांशी ठरवले आहे. एकाने अजून मान्य केलेले नाही. त्यांचा विषय गणित आहे.

अम्मी उठली, बुरखा सावरला, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"बोरिवली स्लो पकडणार की फास्ट?"

"स्लो. कांदिवलीला उतरायचं आहे."

"मग डबा देऊ की तिथं काही मिळतं?"