दिव्यांना आज्ञा कोणी द्यायची?

विद्यार्थी मित्रांनो, जिन्याचा दिवा तुम्ही पाहिलाच असेल. खाली एक खटका, वर एक खटका आणि दिवा मात्र एकच. खालच्या खटक्याने दिवा लावायचा, वर पोचलो की वरच्या खटक्याने बंद करायचा. यात गंमत काय आहे ते पाहा. दोन्ही खटके एकाच बाजूला असले तर दिवा बंद. एक इकडे आणि एक तिकडे असला तर दिवा चालू. (वायरमनने जोडणी उलटी केली असेल तर याच्या नेमके उलट.) खटक्यांच्या एकूण अवस्था चार. त्या चार ओळी वहीत मांडल्या की तुम्ही एक छोटासा प्रोग्रॅम, म्हणजे आज्ञावली, लिहिली असे समजा! फरक इतकाच की ही आज्ञावली कागदावर किंवा संगणकात नसून भिंतीतल्या तांब्याच्या तारांत लिहिलेली असते. ती बदलायची तर तारा बदलाव्या लागतात.

अलीकडे नव्या घरांच्या जाहिरातींत ‘स्मार्ट होम’ हा शब्द दिसतो. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा प्रवास करा. रुळांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या इमारती दिसतील. त्यांतल्या एखाद्या घरात भिंतीवर खटक्यांऐवजी चार-सहा बटणांचा कीपॅड बसवलेला असू शकेल. या कीपॅडबद्दल मला आज थोडे आग्रहाने बोलायचे आहे. पण मत देण्याआधी यंत्र समजून घ्यावे, नाही का?

साध्या खटक्यात दिव्याचा प्रवाह खटक्यातूनच जातो. कीपॅडच्या बटणातून तो जात नाही. बटण दाबले की ‘मी तीन नंबरचे बटण, मला दाबले’ एवढाच संदेश तारेने किंवा रेडिओलहरींनी नियंत्रकाकडे जातो. नियंत्रक आपल्या स्मृतीतील तक्ता पाहतो आणि त्याप्रमाणे दिव्यांना आज्ञा देतो. म्हणजे बटण आणि दिवा यांचे नाते आता तांब्यात नसून स्मृतीत आहे. आज जे बटण स्वयंपाकघराचा दिवा लावते, तेच उद्या सगळे घर अंधारात बुडवू शकेल, आणि भिंतीला हातही लावावा लागणार नाही. ही या यंत्राची शक्ती आहे आणि हाच त्याचा धोकाही आहे.

त्या तक्त्यात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. पहिली ‘सीन’. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक बसवताना प्रकाशयोजना करणारा लिहून ठेवतो : पहिल्या प्रवेशात समोरचे दिवे पूर्ण, मागचे निम्मे, दुसऱ्या प्रवेशात रात्र, फक्त निळा दिवा मंद. घरातील सीन म्हणजे अशीच यादी. ‘जेवण’ हे बटण दाबले की टेबलावरचा दिवा ८० टक्के, बैठकीतला ३० टक्के, बाकीचे बंद. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपला डोळा प्रकाश सरळ हिशेबाने मोजत नाही. मापकावर १० टक्के भरलेला प्रकाश डोळ्याला सुमारे ३० टक्के वाटतो. म्हणून सीनमधले आकडे डोळ्याने पाहूनच ठरवावे लागतात. नुसत्या गणिताने ठरवून चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रोग्रॅम. त्याचे तीन भाग असतात : घटना, अट आणि कृती. ‘दार उघडले (घटना), बाहेर अंधार असेल तर (अट), पॅसेजचा दिवा लाव (कृती).’ ही कल्पना फार नवी नाही. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ साली ‘एक्स-१०’ ही पद्धत तयार केली. तिच्यात घरातल्या वीजतारांमधूनच दिव्यांना संदेश जात. आपल्याकडील ५० हर्ट्‌झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो. अशा शून्याच्या क्षणी तारेवर गोंगाट कमी असतो. तोच क्षण साधून संदेश पाठवायचा, अशी ती युक्ती होती.

आता मुद्द्याकडे येऊ. कीपॅड विकत मिळतो, नियंत्रकही मिळतो. पण घराचा प्रोग्रॅम तयार मिळतो का? मी म्हणतो, मिळत नाही. तीन घरांची कल्पना करा.

पहिले घर उल्हासनगरचे. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती येथे झाली. म्हणून पत्त्यात आजही ‘कॅम्प नंबर’ लिहितात. या गावात जीन्सची शिलाई हा मोठा उद्योग आहे. समजा, एका घरात खालच्या खोलीत शिलाई मशीन चालते. कोणी तेथे ‘हालचाल नसेल तर पाच मिनिटांनी दिवा बंद’ असा तयार प्रोग्रॅम बसवला. हालचाल ओळखणारा संवेदक शरीरातून येणाऱ्या अवरक्त किरणांतील बदल टिपतो. माणूस जवळजवळ स्थिर बसला तर त्याला खोली रिकामीच भासू शकते. शिवणारी बाई खाली मान घालून एका जागी बसली आहे, मशीन वेगात आहे, बोटे सुईपासून दोन इंचांवर आहेत, आणि दिवा गेला! वीज वाचवणारा प्रोग्रॅम येथे बोट जायबंदी करील.

दुसरे घर अंबरनाथचे. वडील एमआयडीसीतील कारखान्यात दुपारपाळीला आहेत. पाळी रात्री ११ वाजता सुटते. घरातला प्रोग्रॅम म्हणतो, ‘रात्री ११ वाजता सर्व दिवे बंद.’ मुलगी दहावीला आहे, ती अभ्यास करते आहे. तिचा दिवा जातो आणि साडेअकराला वडील अंधाऱ्या दारात किल्ली चाचपडतात. प्रोग्रॅम चुकला का? नाही. त्याने सांगितले तेच केले. सांगणाऱ्याने मात्र घराला विचारलेच नव्हते.

तिसरे घर बदलापूरचे. आई पहाटेच्या लोकलने मुंबईला कामाला जाते. साडेचारला तिला उठायचे आहे. त्याच खोलीत लहान बाळ झोपलेले आहे. तिला हवा आहे ‘पहाट’ नावाचा सीन : खोलीत अंधार, पॅसेजमध्ये ५ टक्के, स्वयंपाकघरात पूर्ण उजेड. हा सीन कोणत्याही कारखान्यात तयार होणार नाही. तो त्या आईलाच सुचेल.

निसर्गसुद्धा तयार प्रोग्रॅमला जुमानत नाही. ‘सात वाजता दिवा लाव’ हे अगदी सोपे वाटते. पण आपल्या या भागात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासातनंतर. दोहोंत सुमारे ८० मिनिटांचा फरक! म्हणून काही नियंत्रक अक्षांश-रेखांशांवरून रोजचा सूर्यास्त काढतात. युक्ती चांगली आहे, पण तीही पुरत नाही. हिवाळ्यात बदलापूरहून पाहिले तर सूर्य मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांकडे उतरतो आणि पंचांगातील वेळेआधीच त्यांच्याआड जाऊ शकतो. जुलैत सूर्यास्त सर्वांत उशिरा, पण तेव्हाच आभाळ इतके भरून येते की साडेपाचलाच दिवा हवासा वाटतो. मग प्रकाश मोजणारा संवेदक लावावा म्हटले, तर तो कोठे लावायचा? त्याने ज्या दिव्याला आज्ञा द्यायची त्याचाच उजेड त्याच्यावर पडला, तर दिवा लागताच त्याला दिवस वाटेल, तो दिवा बंद करील. मग पुन्हा रात्र, पुन्हा दिवा. रात्रभर उघडझाप!

आणि वीज गेली तर? पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, हे तुम्हांला सांगायला नको. पण खरा प्रश्न वीज जाण्याचा नाही, परत येण्याचा आहे. काही स्मार्ट दिवे वीज परत आली की आपण होऊन पूर्ण उजेडाने लागतात. रात्री दोन वाजता सारे घर लख्ख! घड्याळाला बॅटरीचा आधार नसलेला टायमर तर जितका वेळ वीज नव्हती तितका मागे पडतो. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी एक ओळ असलीच पाहिजे : ‘वीज परत आल्यावर काय?’ ही ओळ न लिहिलेला प्रोग्रॅम मी अपुरा समजतो.

‘पण विजेची बचत तर होते ना?’ असे तुम्ही विचाराल. हिशेब करू. ९ वॅटचा एक एलईडी दिवा घ्या. त्यातला संदेश ऐकणारा भाग दिवा बंद असतानाही जागा असतो. त्याला समजा अर्धा वॅट लागतो. २४ तासांत झाले १२ वॅट-तास. १२ ला ९ ने भागा : १ तास २० मिनिटे. म्हणजे या दिव्याने रोज १ तास २० मिनिटांचे फुकट जळणे वाचवले, तर कोठे त्याचा स्वतःचा खर्च भरून निघतो. ज्या घरात खोलीबाहेर पडताना खटका बंद करायची सवय आहे, तेथे बचत उणे होईल. उलट ज्या जिन्यातले दिवे दिवसाही जळत राहतात तेथे फायदा उघड आहे. ९ वॅटचे पाच दिवे दिवसाचे १२ तास उगाच जळले तर महिन्याला १६ युनिटांहून अधिक वीज वाया जाते, आणि एक साधा टायमर ती वाचवतो. तेव्हा यंत्र चांगले की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. कोठे, कोणासाठी, हे विचारले पाहिजे.

काही जण म्हणतात, पुढे यंत्रच आपल्या सवयी पाहून शिकेल, प्रोग्रॅम लिहायची गरजच उरणार नाही. यंत्र सवय शिकेल हे मला मान्य आहे. पण सवयीमागचे कारण त्याला कसे कळणार? आजी रात्री दोनदा उठते हे त्याला दिसेल. गुडघा दुखत असल्यामुळे तिला उंबरठ्याजवळ उजेड हवा, हे घरातल्या माणसालाच ठाऊक असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. एक, कोणत्याही घरात कीपॅडबरोबर निदान जिना, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर येथे साधे खटके राहिलेच पाहिजेत, आणि नियंत्रक बंद पडला तरी त्यांनी दिवा लागला पाहिजे. आजीने दिवा लावण्यासाठी नातवाची किंवा मोबाइलची वाट पाहावी, ही प्रगती नव्हे. दोन, घराचा प्रोग्रॅम सोप्या मराठीत वहीत लिहून कपाटात ठेवावा. तो फक्त बसवणाऱ्या कारागिराला माहीत असेल, तर घर तुमचे असले तरी दिवे त्याचे आहेत! तीन, प्रोग्रॅम लिहिण्याआधी घरातील प्रत्येकाला विचारावे. सर्वांत लहानाला आणि सर्वांत वृद्धाला आधी.

यासाठी कीपॅड विकत घ्यायची मुळीच गरज नाही. या आठवड्यात एक तक्ता करा. सात दिवस, प्रत्येक खोली, दिवा कधी लागला, कोणी लावला, कशासाठी लावला, आणि कोणी नसताना किती वेळ जळला. मग त्यावरून पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहा : घटना, अट, कृती. तो घरी मोठ्याने वाचून दाखवा. कोणी ना कोणी ‘अरे, पण त्या वेळी मी...’ असे म्हणेल. तेथे तुमची पहिली दुरुस्ती!

शिक्षकांना विनंती, की हे तक्ते वर्गात शेजारी शेजारी लावावेत. एकाच वर्गातली, एकाच गावातली घरे किती वेगळी आहेत हे मुलांना दिसेल. जिन्याच्या दिव्याचे मंडल मात्र विजेरीचा सेल, लहान बल्ब आणि दोन दुतर्फी खटके घेऊनच करावे. घरातील २३० व्होल्टच्या बोर्डाला कोणीही हात लावू नये. आणि मुलांनो, तक्ता भरताना आईच्या ओळी तिला विचारूनच भरा. तुम्ही झोपेत असता तेव्हाचे दिवे तिलाच माहीत असतात.