इसबाची सुई, खिशाची टोचणी
डोळ्यांभोवतीची लाल, सोललेली कातडी लपवता येत नाही. म्हणूनच चेहऱ्यावरच्या इसबाला आधी लागते ती शेजारणीने सुचवलेली स्टिरॉइडची ट्यूब; महिनोन्महिने चोळून कातडी पातळ होते ती वेगळीच. २०१८ मध्ये अशा मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली, पण काउंटरवर विचारतो कोण? दुसरीकडे, इसबावर अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेले डुपिलुमॅब हे इंजेक्शन दाह पेटवणारे इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचे संदेश अडवते. प्रौढांना सहसा दर पंधरवड्याला ३०० मिलिग्रॅम, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. बऱ्याच जणांची खाज उतरते, झोप लागते. काहींचे डोळे मात्र येतात. महागडी सुई मध्यमवर्गालाही झेपत नाही. सरकारी औषधखरेदीत आणि बाह्यरुग्ण विम्यात तिला जागा द्यावी, निदान गंभीर रुग्णांपुरती तरी.