फाईलचा दाखला



शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाची सगळी माहिती असते. पण मूल गाव सोडते तेव्हा रजिस्टर त्याच्यासोबत जात नाही, दाखला जातो. दाखल्याशिवाय आलेल्या मुलाचा नव्या शाळेला नुसता चेहरा दिसतो.

संगणकातल्या फायलींचेही तसेच आहे. आतला मजकूर एक, आणि तो कोणाचा, कुठून आला, कशाबद्दल, ही माहिती वेगळी. तिला मेटाडेटा म्हणतात. ती फाईललाच जोडून ठेवण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हवी, असे माझे ठाम मत आहे.

ही कल्पना जुनीच आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाईलसोबत चार-चार अक्षरांचे दोन संकेत असत. एक तिचा प्रकार सांगे, दुसरा ती कोणत्या प्रोग्रॅमने केली ते. १९९० च्या दशकातल्या बीओएसने तर कमाल केली! तिथे प्रत्येक ईमेल ही एक फाईल, आणि पाठवणारा, विषय, तारीख हे तिला जोडलेले रकाने. 'अमक्याची पत्रे काढ' म्हटले की सिस्टिमच ती शोधून देई. ती कंपनी २००१ मध्ये विकली गेली, पण हायकू या मुक्त प्रणालीत ही सोय आजही आहे.

कोणी म्हणेल, फोल्डर आहेत की! पण एकच फोटो 'लग्न' या फोल्डरमध्येही हवा आणि 'आत्या' या फोल्डरमध्येही. मग किती प्रती करायच्या?

खरी अडचण पुढे आहे. अशी जोडलेली माहिती पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलने जाताना बहुधा गळून पडते, तीही गुपचूप. मॅक संगणक ती वाचवायला '._' ने सुरू होणारी वेगळी फाईल करतो, आणि दुसऱ्या संगणकावर लोक ती कचरा समजून पुसून टाकतात. म्हणजे दाखला रद्दीत! सोय टाकून देण्याचे हे कारण नव्हे. माहिती गळणार असेल तर सिस्टिमने आधी विचारावे, एवढेच मागणे. आपला ठावठिकाणा फोटोसोबत जाऊ नये असे वाटणाऱ्यालाही मग तो काढून टाकता येईल.

तोवर नातेवाईकांना एक विनंती. जेपेग फोटोच्या आतच वर्णनाचा रकाना असतो, आणि साध्या नकलेत तो टिकतो. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडा. तिथे नावे, गाव, साल लिहा. मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो पाठवताना मात्र ते पुसले जाऊ शकते, म्हणून मूळ फाईल जपा.

स्कॅन केलेल्या जुन्या ग्रुप फोटोंतली नावे सांगू शकणारे घरात आता आम्ही दोघे-तिघेच उरलो आहोत. चेहरे संगणक ओळखेल हो, पण मागच्या रांगेतल्या नऊवारीतल्या बाई नात्याने कोण लागतात, हे त्याला कोण सांगणार?

असो. तुमचे मत जरूर कळवा.