ऐकायच्या गोष्टी निवडताना

मैत्रिणींनो, दिवेलागणीची वेळ आपल्या सगळ्यांच्या घरी सारखीच. एका शेगडीवर वरण, दुसरीवर तवा आणि पदराला लटकलेलं लेकरू, "आई, गोष्ट सांग ना!" मग आपण मोबाइलवर एखादी गोष्ट लावून देतो नि पोळ्यांकडे वळतो. मीही तेच करत होते. एकदा माझ्या चार वर्षांच्या मुलाला सशाची गोष्ट लावून दिली. ती संपली आणि पाठोपाठ आपोआप दुसरंच काही सुरू झालं, भुताखेतांचं, किंकाळ्यांचं. कणकेचे हात धुऊन मी पोचेपर्यंत तो कान झाकून कोपऱ्यात बसलेला. पुढे आठवडाभर रात्री दिवा मालवू देईना. चूक माझीच होती. आपण डाळसुद्धा निवडल्याशिवाय कुकरला लावत नाही, मग गोष्ट न निवडता लेकराच्या कानी कशी घालायची?

तेव्हापासून कोणतीही गोष्ट आधी मी स्वतः शेवटपर्यंत ऐकते. भांडी घासताना, शेंगा सोलताना हे सहज होतं. पहिल्यांदा पाहते आवाज. सांगणारी माणसासारखी बोलते का, की उगाच लाडिक किनऱ्या आवाजात? वाक्यावाक्यात श्वास घेण्याइतकी उसंत आहे का? मागचं संगीत शब्द गिळून तर टाकत नाही? तीन-चार वर्षांच्या मुलाला पाच-सात मिनिटांची गोष्ट पुरे, आणि तीत एखादं पालुपद पुन्हा पुन्हा आलं तर फारच छान, कारण मूल ते आपणहून म्हणू लागतं. पसंत पडलेली गोष्ट फोनमध्ये उतरवून ठेवावी आणि लावताना इंटरनेट बंद करावं. म्हणजे जाहिरात नाही, आणि न बोलावलेला पाहुणाही नाही.

फोन मुलाच्या हाती देऊ नका. फळीवर पालथा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून जास्त पडद्यासमोर बसू नये, जितकं कमी तितकं बरं. बसून वेळ घालवायचाच तर वाचन आणि गोष्टी बऱ्या. आवाजही पूर्ण चढवू नये, साठ टक्क्यांच्या आत ठेवावा.

आता गोष्टी मिळवायच्या कुठून? आकाशवाणीची सवय सोडू नका. तिची केंद्रं आता मोबाइलवरही लागतात. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा नागपूर केंद्राने 'प्रथम' संस्थेबरोबर 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम मुलांपर्यंत पोचवला होता. 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि लेखकाचं नाव सांगून त्या मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायलाही मोकळीक आहे. थोड्या मोठ्या मुलांसाठी साने गुरुजींची 'श्यामची आई' आहेच. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तकाचे हक्क संपतात. गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून ते पुस्तक कुणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतं.

पण मैत्रिणींनो, एवढं सगळं जमवूनही माझं एका ठिकाणी काही चाललं नाही, ते सांगते.

आमचं लिंबागणेश म्हणजे भालचंद्र गणपतीचं गाव. दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातली कित्येक जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, ती पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. गळीत हंगाम संपेपर्यंत पाच-सहा महिने लेकरं कधी सोबत, कधी हंगामी वसतिगृहात, कधी आजीपाशी. मी बालवर्गाला अर्धवेळ शिकवते. तिथली एक मुलगी अशीच आजीपाशी राहिलेली. दुपारभर गप्प. मी माझ्या निवडक गोष्टी आजीच्या फोनवर घालून दिल्या. आठ दिवसांनी विचारलं तर आजी म्हणाली, "बाई, ती नाही ऐकत त्या. एकच लाव म्हणती रोज."

ती 'एकच' मी ऐकली. आईने फडावरून पाठवलेली, कोल्ह्याची गोष्ट. मागे वारा, बैलांच्या घुंगरांचा आवाज, मधेच कुणीतरी हाक मारतंय. आई थकलेली. अर्ध्यात गोष्ट विसरते, हसते, "ऱ्हायलेली उद्या सांगते, झोप आता," म्हणते. माझ्या एकाही कसोटीला ती उतरली नसती. पण पोरगी त्या "झोप आता"वर रोज झोपत होती.

म्हणून शेवटची सूचना : निवडलेल्या गोष्टींत तुमच्या आवाजाच्या चार गोष्टी असू द्या. माहेरी, बाळंतपणाला, नोकरीला, दवाखान्यात, कुठे जावं लागेल सांगता येत नाही. पंखा, मिक्सर बंद करा. फोन 'विमान' खुणेवर ठेवा म्हणजे मधे कुणाचा फोन येणार नाही. वीतभर अंतरावरून, सावकाश बोला. चुकलात तर पुन्हा करत बसू नका. मुलाचं नाव गोष्टीत एकदा तरी घ्या. तारीख घालून जपून ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या फोनवर किंवा मेमरी कार्डावर काढा. फोन हरवतात, पडतात. आणि घरात सासूबाई, आजी असतील तर त्यांच्याही गोष्टी आजच मुद्रित करून घ्या. ते काम मागे टाकू नका.

त्या मुलीच्या आईला मी निरोप धाडला, राहिलेली अर्धी गोष्टही पाठवा म्हणून. चार दिवसांनी ती आली. दुसऱ्या दिवशी पोरीने वर्गात सगळ्यांना कोल्ह्याची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि शेवटी म्हणाली, "झोपा आता."